समोरच्या वकिलाची सही

मंगल, मी सही केली. काल सकाळी, बाररूममधल्या आपल्या टेबलावर, निळ्या शाईने, पूर्ण नावानिशी. खाली सनदेचा नंबरही घातला, उद्या कुणी शंका काढायला नको म्हणून. मग तुझा सन्मानाचा अर्ज घेऊन देसल्यांकडे गेले. देसले, आपल्या वकील मंडळाचे सचिव, कागद हातात आला की आधी उलटा करून मागची बाजू बघणारे. त्यांनी तो मागून पुढून पाहिला, चष्मा काढला आणि फार हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मयत व्यक्तीचा अर्ज घेता येत नाही. 'वकिली करत असलेली व्यक्ती' असा शब्द आहे नियमात. नियम तुम्हीच लिहिलेत."

मी त्यांच्यावर ओरडले. मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत अर्ज घ्यायचे असं ठरलंय, सुट्टीला अजून चार दिवस आहेत, अर्ज मुदतीत आहे, तुम्ही तो नाकारूच शकत नाही, असं काहीबाही बोलत राहिले. कायदा माझ्या बाजूने नव्हता हे मला कळत होतं, तरी बोलत राहिले. बिचाऱ्यांनी मला पाणी दिलं आणि अर्ज परत माझ्या हातात ठेवला. तुला जाऊन काल तेरा दिवस झाले होते.

आता हा कागद माझ्यासमोर आहे आणि कुठे द्यायचा ते मला कळत नाही. म्हणून तुझ्याशी बोलते आहे. कागद पुढे सरकत नाही तेव्हा आपण हेच करायचो ना, एकमेकींकडे जायचो. समोरासमोर उभ्या असलो तरी.

आपण दोघी कोर्टात आलो ते नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. बाररूममध्ये बायकांसाठी एकच टेबल, पाण्याच्या टाकीजवळचं, जिथे कुणालाच बसायचं नसायचं. तू पंचवटीतून लुनावर यायचीस, कोट पिशवीत कोंबून, आणि मी शालिमारला बसमधून उतरून चालत. जमिनीचे, हद्दीचे, द्राक्षाच्या व्यापाऱ्यांचे दावे पुरुषांकडे जायचे. आपल्याकडे यायच्या त्या रडणाऱ्या बायका, तेही सीनियर लोकांना त्यांचं रडणं ऐकायला वेळ नसायचा म्हणून. "त्या दोघी बसल्यात ना, त्यांच्यातल्या एकीकडे जा," असं सांगून पाठवायचे. मग नवरा उरलेल्या एकीकडे यायचा. कामं वाटली जायची ती अशी, आणि त्यामुळे आपण कायम आमनेसामने. पंधरा-सोळा वर्षांत तुझ्याइतकं मी नवऱ्याशीही भांडले नसेन.

तुला पोटगीवाली म्हणायचे, मला काडीमोडवाली. मी तोंडावर उत्तर द्यायचे, तू हसून चहा मागवायचीस. तुला काही लागतच नाही असं मी कितीतरी वर्षं समजत होते. मग एकदा नवीन न्यायाधीश आले, त्यांना सगळ्यांची ओळख करून देताना एका ज्येष्ठ वकिलांनी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, या आमच्या मॅडम, घरगुती कामं करतात. सगळे हसले. तूही हसलीस. नंतर मागच्या नळावर तू किती वेळ तोंड धूत होतीस, ते मी पाहिलं. तिथे पदराला हात पुसत तू मला म्हणालीस, "शैले, एकदा तरी आपल्या धंद्यातल्या माणसांनी आपल्या कामाला काम म्हणावं. अशिलं पाया पडतात त्याचं काय, ती कुणाच्याही पडतात."

यापेक्षा जास्त तू कधी काही मागितलं नाहीस. एवढंच हवं होतं तुला. ते देणं माझ्या हातात होतं आणि मी दिलं नाही. आता मी ते कितीही वळणं घेऊन सांगितलं तरी शेवटी एवढंच उरतं.

पुढे नाशकात कुटुंब न्यायालय वेगळं झालं आणि आपल्याला जरा बरे दिवस आले. बरे कसले, तिथे तर वकिलाला उभं राहायलाही न्यायालयाची परवानगी लागते, त्यावरून पुन्हा चिडवणं झालंच. पण आपल्यासारखी कामं करणारे बरेच जण झाले होते, म्हणून मंडळ निघालं. दरवर्षी आपल्यातल्या एकाचा सन्मान करायचा असं ठरलं. मोठं काही नाही, एक मानपत्र, एक शाल, जिल्हा न्यायाधीशांच्या हस्ते. मी उठून म्हणाले होते की आपल्या बाजूचे कौतुक करणारे पैशाला पासरी मिळतात, शिफारस हवी ती समोरच्या वकिलाची. जो तुमच्याविरुद्ध सगळ्यांत जास्त वेळा उभा राहिला, त्याने लिहून द्यावं. सगळ्यांना पटलं. शिफारशीचा नमुना मीच तयार केला आणि त्यात ते वाक्य घातलं: "सदर वकिलांनी प्रत्येक दाव्यात आपल्या अशिलाचे हित सर्वांत वर ठेवले, असे मी समोरचा वकील म्हणून प्रमाणित करतो." तू शेजारी बसून वाचलंस आणि म्हणालीस की शैलाच्या मसुद्यात पाणी शिरायला फट नसते. मला फार बरं वाटलं होतं.

त्याच्याआधीच दिंडोरीकडचं ते प्रकरण होऊन गेलं होतं. नवरा द्राक्षबागायतदार, माझा अशील. बायको माहेरी पिंपळगावला निघून आलेली, तुझी अशील. भांडण आठ वर्षांच्या मुलीच्या ताब्याचं. कायदा, पुरावा, न्यायाधीशांचा कल, सगळं तुझ्या बाजूने. मी घरी सांगून टाकलं होतं की हे हरणार आहे. आणि ऐनवेळी तू तुझ्या अशिलाला बाजूला घेतलंस, दोन तास तिच्याशी बोललीस आणि तडजोडीचा कागद घेऊन आलीस. शाळेचे महिने मुलगी बापाकडे, आजी आणि चुलत भावंडांत, सुट्ट्या आईकडे. तुझी अशील रडत सही करत होती. माझा अशील पेढे वाटत फिरला. मी हरलेलं काम जिंकले आणि मला इतका संताप आला की मी बाररूममध्ये सगळ्यांसमोर तुला बोलले.

मी म्हणाले, तू वकीलपत्र आईचं घेतलं होतंस, मुलीचं नव्हे.

तू फाईलची दोरी बांधत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मुलीचं कुणी घेतलं होतं?"

हा वाद आपला मिटला नाही. मी म्हणायचे, वकिलानेच न्याय करायला घेतला तर न्यायाधीशाने काय करायचं? अशिलाने आपल्याला तिच्यासाठी लढायला नेमलंय, तिला शहाणपण शिकवायला नाही. तू म्हणायचीस की जमिनीच्या दाव्यात हे ठीक आहे, शेताला उद्या शाळेत जायचं नसतं. चहाच्या टेबलावर, जिन्यात, पिंपळगावला एका लग्नाला गेलो तेव्हा एसटीत, आपण तेच तेच बोलायचो. मला तो वाद आवडायचा, मंगल. मी जिंकत नसले तरी आवडायचा. आता तो अर्धा माझ्याकडे राहिलाय आणि अर्धा तुझ्याबरोबर गेला.

दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं त्या आठवड्यात तू मला व्हरांड्यात गाठलंस आणि अर्ज हातात दिलास. वर तुझं नाव, खाली माझ्या सहीची जागा. म्हणालीस, माझ्याशी तुझ्याइतकं कुणी भांडलेलं नाही, तेव्हा तुलाच करावी लागेल. जरा लाजत होतीस. मी तुला त्याआधी लाजताना पाहिलं नव्हतं. मी अर्ज घेतला, वाचला आणि त्या एका वाक्यापाशी थांबले. प्रत्येक दाव्यात. दिंडोरीच्या दाव्यात नाही, माझ्या मते. आणि मी प्रमाणित करणार होते.

मी तुला म्हणाले, पुढच्या सोमवारी देते.

मग तारखा पडत गेल्या. आपण आयुष्यभर दुसऱ्यांना ज्या तारखा दिल्या-घेतल्या, तशाच. सोमवारी माझी उलटतपासणी होती. त्यानंतर वाक्याबद्दल तुझ्याशी जरा बोलायचं होतं. मग टायपिस्ट गावी गेला होता. मग भाच्याचं लग्न निघालं. तू दर वेळी "बरं" म्हणायचीस आणि आपल्या कामाला लागायचीस. वकील असल्यामुळेच तुला त्यात काही वावगं वाटलं नसेल, दुसरी कुणी असती तर माझ्या तोंडावर कागद फेकला असता. एकदाच म्हणालीस, "ते वाक्य खोड आणि सही कर." मी म्हणाले, छापील नमुन्यात खाडाखोड चालत नाही. तू म्हणालीस की तेही खरंच.

मी घरी त्या वाक्याचे वेगवेगळे मसुदे केले, माहीत आहे तुला? नाहीच माहीत. "बहुतेक दाव्यांत" असा एक. "सर्वसाधारणपणे" असा एक. "आपल्या समजुतीप्रमाणे" असा एक. सगळे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एक बाई सोळा वर्षं माझ्यासमोर प्रामाणिकपणे उभी राहिली आणि मी तिच्यासाठी असा शब्द शोधत होते की उद्या माझ्यावर कुणी बोट ठेवू नये. आणि खरं सांगू का? निव्वळ तत्त्वाचा प्रश्न असता तर मी पहिल्याच दिवशी सरळ नाही म्हणाले असते. मला तू पुन्हा पुन्हा यावंस, विचारावंस, असं वाटत होतं. कधी नव्हे ते तुला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

तू वाळत चालली होतीस. मी विचारलं, वजन कमी करतेस का गं. तू म्हणालीस, हो, होतंय कमी. दर काही आठवड्यांनी मुंबईला जायचीस, मला वाटलं हायकोर्टात अपील असेल. एकदा तर मी तुला टोमणाही मारला की आता तू हायकोर्टाची झालीस, आमच्या सहीची तुला काय गरज. तेव्हा तुझ्या पिशवीत औषधांची फाईल होती. हे मला सतीशरावांनी तुझ्या जाण्याच्या आठ दिवस आधी सांगितलं, तेही मीच फोन करून विचारलं की मंगल कोर्टात का येत नाही म्हणून. तुझ्या नवऱ्यालाही वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. आपल्या दोघींमध्ये काही लपलेलं नसतं, असा त्यांचा समज.

मी आले तशी. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, केस गेलेले, डोक्याला सुती रुमाल. मला बघून म्हणालीस की आज कोर्टात कुणाचा बोर्ड मोठा होता, कुणापुढे जास्त कामं लागली होती. आपण अर्धा तास त्या नवीन समुपदेशकबाईंबद्दल बोललो. माझ्या पर्समध्ये अर्ज होता, मंगल. पेनही होतं. मी दोनदा पर्स उघडली आणि मिटली. मला वाटलं, आत्ता सही केली तर तुला ती दया वाटेल, आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेल्या फळांसारखी. तू ती घेणार नाहीस, किंवा घेशील आणि मनातून मला हसशील. तू काही विचारलं नाहीस. मी उठताना म्हणाले, पुढच्या आठवड्यात येते. तू म्हणालीस, ये.

पुढच्या आठवड्यात मी तुझ्या शोकसभेत उभी होते. सगळे न्यायाधीश, सगळे वकील, काळे कोट, एप्रिलचा उकाडा, पंखे बंद पडलेले. मंडळातर्फे मी बोलावं असं ठरलं, कारण मी तुझी समोरची वकील. आणि मी घडाघडा बोलले. तू काय होतीस, तुझ्यासमोर उभं राहायला किती तयारी करून यावं लागायचं, तुझ्या बाजूने आलेली बाई निकालानंतरही ताठ उभी कशी राहायची. इतके महिने मला जे एका ओळीत लिहिता येत नव्हतं ते दहा मिनिटांत माझ्या तोंडून सरळ बाहेर पडलं, एकही शब्द अडला नाही. लोक रडत होते. ज्यांनी तुझी ती ओळख करून दिली होती ते म्हातारे वकील माझ्याजवळ आले, डोळे पुसत म्हणाले, विरोधी वकील असून तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

तू ऐकायला हवं होतंस. मी हे रोज म्हणते. घरात, गाडीत, कोर्टाच्या जिन्यात थांबून. मंगल, ऐक ना, मी सांगते आहे ना आता. कुणी ऐकत नाही.

आज दुपारी चेंबरमध्ये एक बाई आली. दिंडोरीकडची, बागेत छाटणीच्या कामाला जाणारी, नाव अलका. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने वकीलपत्र काढलं. अशिलाला वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलाची ना हरकत लागते, ती त्यावर होती. तुझं अक्षर, तुझी सही. आणि नवीन वकिलाच्या नावाची जागा रिकामी नव्हती. तिथे तू माझं नाव लिहिलं होतंस. तारीख पाहिली. मी भाच्याच्या लग्नाचं कारण सांगितलं होतं, त्याच आठवड्यातली. अलका म्हणाली, एकटी तिलाच नाही, बऱ्याच जणींना तू असे कागद देऊन ठेवलेस, पिंपळगावच्या एकीला, सुरगाण्याच्या दोघी-तिघींना. ज्या कामांत मी तुझ्यासमोर होते तेवढी सोडून सगळी. इतक्या वेळा तू माझं नाव लिहून खाली सही केलीस आणि मला कळू दिलं नाहीस.

मी तिला विचारलं की बाईंनी माझ्याकडेच का पाठवलं. तिने आधी जरा अंग चोरलं, मग बोलली.

"मंगलबाई म्हणल्या, माझं आता काय खरं नाय, तू शैलाबाईंकडं जा. मी म्हणलं, त्या तर तुमच्यासंगं लय भांडतात. तर म्हणल्या, म्हणूनच जा. एका आईनं रागात लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात व्हती. ती कोर्टात लावली असती तर आई हरली असती. पण लेकरू मोठं होऊन कधीतरी वाचंल म्हणून त्यांनी ती लावलीच नाय. तुझ्या लेकरासाठी असा वकील पाहिजे, म्हणल्या."

मंगल, ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. दिंडोरीच्याच कामातली. माझ्या अशिलाने पहिल्याच भेटीत मला बायकोचं पत्र दिलं होतं. माहेरी गेल्यावर संतापाच्या भरात तिने लिहिलं होतं की ही पोर झालीच नसती तर मी केव्हाच सुटले असते. बापाचा आग्रह होता की हेच सगळ्यांत वर लावा. मी त्याला सांगितलं की याचा कायद्याने काही उपयोग नाही. धडधडीत खोटं, माझ्याच अशिलाशी. आणि पत्र फाईलच्या अगदी तळाशी घालून ठेवलं, कारण कोर्टाचा कागद कधी ना कधी त्या मुलीच्या हाताला लागला असता. मी ते स्वतःशीही कधी कबूल केलं नाही. अशिलाचं हित सर्वांत वर, असं छापून घेताना मला ते पत्र आठवलंही नाही.

तुला तुझ्या अशिलाने, त्या आईने सांगितलं असणार की रागात मी असं असं लिहून बसलेय आणि ते पत्र नवऱ्याकडे आहे. म्हणजे तू प्रत्येक तारखेला वाट बघत होतीस की आज शैला ते पत्र काढेल. मी काढलं नाही. तुझ्या तडजोडीची सुरुवात तिथे झाली का? मी मुलीसाठी एवढं सोडलं म्हणून तूही सोडलंस? आणि मी तेच तुझ्या तोंडावर फेकलं, सगळ्यांसमोर, आणि पुढे कितीतरी वर्षं. हे मला आता कोण सांगणार?

तुला सगळं माहीत होतं. जिन्यात, एसटीत, चहाच्या टेबलावर, कधीही तू त्या पत्राचं नाव काढलं असतंस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. आपल्या वादात माझी बाजू बुडेल म्हणून तू बोलली नाहीस. मी अर्ज परत न करता तुला झुलवत होते तेव्हाही नाही. त्या शेवटच्या दिवशी, माझा हात पर्सवर होता तेव्हाही नाही. अगं, एवढंच म्हणायचं होतंस की शैले, तुझ्या या वाक्यावर तुला तरी कुणी सही दिली असती का? मी तिथल्या तिथे सही केली असती गं.